जोतिबाचा चढ आणि जुनी मोटारसायकल

कोल्हापूर शहराच्या वायव्येस सुमारे १८ किलोमीटरांवर वाडी रत्नागिरीचा डोंगर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३,१०० फूट. म्हणजे शहराच्या सपाटीवरून पाहू गेल्यास तो बाराशे फुटांहून अधिक वर चढलेला. या डोंगरावर श्रीजोतिबाचे, अर्थात केदारनाथाचे, देवस्थान आहे. चैत्री पौर्णिमेस गावोगावच्या उंच सासनकाठ्या नाचत येथे येतात, लाखो यात्रेकरू ‘चांगभलं’चा गजर करतात आणि गुलालाने सारा डोंगर, देवळे, पायऱ्या व माणसे एकाच रंगाची होऊन जातात. हे दृश्य महाराष्ट्रास परिचित आहे. परंतु या देवळांच्या इतिहासात एक गोष्ट अशी आहे, की तिच्याकडे भाविकांचे लक्ष सहसा जात नाही.

आज आपण ज्या मुख्य देवळात दर्शन घेतो ते मूळचे नव्हे. मूळचे देऊळ नावजी साया नामक भक्ताने बांधले होते, असे सांगतात. त्याच्या जागी राणोजी शिंदे यांनी १७३० साली आजचे देऊळ उभारले. १७८० च्या सुमारास मालजी निळम पन्हाळकर यांनी रामलिंगाचे देऊळ बांधले आणि १८०८ साली दौलतराव शिंदे यांनी केदारेश्वराचे देऊळ खांबांच्या आधारावाचून उभे केले. या सर्व बांधकामाचा काळा-निळा दगड त्याच डोंगराच्या पोटातून काढलेला आहे. जुने खचले म्हणून देवस्थान तेथून हलविले नाही. जागा तीच, देव तोच, दगडही त्याच डोंगराचा. बदलला तो केवळ हात. आपल्याकडे यास जीर्णोद्धार म्हणतात आणि जीर्णोद्धाराचे पुण्य नव्या बांधणीच्या पुण्याहून उणे मानीत नाहीत.

याच डोंगरावर, वाहने उभी करण्याच्या जागी, रविवारी किंवा पौर्णिमेस पाहावे. झेंडूची माळ घातलेल्या नव्या कोऱ्या गाड्यांच्या रांगेत मधूनच एखादी चाळीस-पन्नास वर्षांची मोटारसायकल उभी असते. तिच्या टाकीवर गुलालाचे बोट ओढलेले असते, तिच्या एंजिनातून तापलेल्या तेलाचा वास येत असतो, आणि तिचा धनी दर्शनास जाण्यापूर्वी एकदा वाकून खालची जमीन पाहतो. तेल गळत तर नाही ना! ही गाडी त्याने बहुधा भंगाराच्या भावाने घेतलेली असते. हजारो रुपयांच्या नव्या वाहनांत तिला कोणी विचारीत नाही. पण बंद पडलेली, गंजलेली, कोणाच्या तरी गोठ्यात कोंबड्यांचे बसण्याचे ठिकाण झालेली ती गाडी आज बाराशे फुटांचा चढ आपल्या बळावर चढून आली आहे. हाही एक जीर्णोद्धारच होय. आणि कोल्हापूरच्या बाबतीत तर तो केवळ एका गाडीचा नसून एका विद्येचा आहे. ती विद्या येथे कशी आली, कशी वाढली आणि आज तिच्यापुढे कोणता प्रश्न उभा आहे, याचा विचार करण्याजोगा आहे.

मोटारसायकलीचा जन्म जर्मनीतला. १८८५ साली गॉटलीब डायमलर यांनी लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचे एंजिन बसवून एक दुचाकी चालविली. १८९४ पासून म्युनिक शहरी हिल्डेब्रांड आणि वोल्फम्यूलर यांची गाडी विक्रीसाठी तयार होऊ लागली. पुढील वीस वर्षांत इंग्लंडातील बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री, रेडिच आदी गावे या धंद्याची माहेरघरे बनली. हिंदुस्थानात या गाड्या आल्या त्या प्रथम संस्थानिक, गोरे अधिकारी, पलटणी आणि पोलीस यांच्यासाठी. सामान्य माणसाने रस्त्याच्या कडेला उभे राहून धूळ खावी आणि आवाज ऐकावा, इतकाच त्याचा तिच्याशी संबंध होता.

हा संबंध दुसऱ्या महायुद्धाने बदलला. युद्धात ब्रिटिश सैन्याला निरोप पोचविण्यासाठी मोटारसायकली हव्या होत्या. एकट्या बी. एस. ए. कंपनीने एम-२० या एकाच जातीच्या सव्वा लाखाहून अधिक गाड्या पुरविल्या. ही गाडी ४९६ सीसीची, अवघ्या १३ अश्वशक्तीची, वजनाने जड आणि चालीने मंद. पण चिखल, वाळू आणि अडाणी हात ही तिन्ही सोसणारी. नॉर्टनची १६-एच ही तिची दुसरी बहीण. १९४५ साली युद्ध संपले आणि छावण्यांच्या आवारांत हे सारे लोखंड निरुपयोगी होऊन पडले. लष्कराने अशी सामग्री विकावयास काढली, आणि मोटारसायकल ही वस्तू प्रथमच मध्यम स्थितीतील माणसाच्या हाती आली. मात्र ती आली ती मोडक्या स्वरूपात. सोबत ना सुटे भाग, ना माहितीचे पुस्तक, ना ती उघडून दाखविणारा कोणी. घेणाऱ्याला ती चालू करावयाची असेल, तर त्याने गावातील मेस्त्रीकडेच गेले पाहिजे.

कोल्हापूरचा मेस्त्री या प्रसंगासाठी तयार होता, हे या शहराचे भाग्य. तो कसा तयार झाला हे समजून घ्यावयाचे तर अर्धशतक मागे आणि किंचित दक्षिणेकडे, बेळगावास गेले पाहिजे. तेथे १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी आपल्या बंधूंसह सायकलींचे दुकान काढले. सायकली विकाव्या, दुरुस्त कराव्या, असा तो साधा व्यवसाय. परंतु परक्या देशातून आलेले यंत्र खोलून पाहणारा माणूस थोड्याच दिवसांत स्वतःला एक प्रश्न विचारू लागतो : हे आपल्याला का करता येऊ नये? त्या प्रश्नातून कडबा कापण्याचे यंत्र निघाले, लोखंडी नांगर निघाला, आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. दक्षिण महाराष्ट्रातील एका मोठ्या कारखानदारीचे मूळ असे सायकलच्या दुकानात आहे.

कोल्हापुरातही हाच प्रश्न निराळ्या रीतीने विचारला गेला. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १८९१ साली आगगाडी आली, १९०६ साली सूतगिरणी निघाली. यंत्राची आवड नव्या पिढीस लागली. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू मूळचे चित्रकार. चलच्चित्रांनी त्यांना वेड लावले. त्यांनी चित्रपट दाखविण्याचे यंत्र घेतले, खेळ दाखविले, आणि दाखविता दाखविता यंत्राचा अभ्यास केला. दाखविण्याच्या यंत्रातून चित्रे बाहेर पडतात. तर आत घेण्याचे यंत्र का बनू नये, अशी त्यांची जिद्द. आनंदराव त्या खटपटीत असतानाच १९१६ साली निवर्तले. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साह्याने ते काम पुरे केले आणि १९१८ साली कॅमेरा सिद्ध झाला. १९२० साली पडद्यावर आलेली ‘सैरंध्री’ हे याच खटपटीचे फळ. मराठी चित्रपटाच्या इतिहासात ही गोष्ट कलेची म्हणून सांगतात. वस्तुतः ती लेथ, कानस आणि दंतचक्रे यांचीही गोष्ट आहे.

परंतु कलावंतांच्या हौसेने एखाद्या गावात दुरुस्तीची विद्या रुजत नाही. त्यास पोटाची गरज लागते. ती गरज कोल्हापूरला उसाने पुरविली. या जिल्ह्याचा गूळ प्रसिद्ध आहे. पूर्वी गुऱ्हाळाचा चरक बैल फिरवीत. पुढे त्या जागी तेलावर चालणारी विलायती एंजिने आली. आता गुऱ्हाळाचा हंगाम थोडक्या महिन्यांचा. ऊस तोडल्यावर तो फार वेळ ठेवता येत नाही आणि काढलेला रस तर पाहता पाहता आंबतो. अशा वेळी एंजिन बंद पडले आणि मोडलेला भाग इंग्लंडहून मागवावा म्हटले, तर भाग येईपर्यंत शेतकऱ्याचे वर्ष बुडाले. यास्तव मेस्त्रीने तो भाग येथेच, आणि आजच्या आज, बनविला पाहिजे. महायुद्धाच्या काळात बाहेरचा माल येणे जवळजवळ थांबले, तेव्हा तर दुसरा उपायच उरला नाही. या निकडीतून कोल्हापुरात ओतकामाच्या भट्ट्या पेटल्या. म्हादबा मेस्त्री शेळके, वाय. पी. पोवार आदी कर्त्या पुरुषांची नावे या धंद्याच्या आरंभाशी जोडलेली आहेत. उद्यमनगरात लेथांची रांग लागली. आणि एंजिने दुरुस्त करता करता हे गाव स्वतःची एंजिने बनवू लागले. आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील कारखान्यांतून मोटारींचे ओतीव भाग देशभर आणि परदेशीही जातात. त्या कारखानदारीचा पाया मोडक्या एंजिनाचे झाकण उघडणाऱ्या हातांनी घातला आहे, हे विसरता येत नाही.

अशा गावात जुनी मोटारसायकल आली, तेव्हा ती एंजिनाची धाकटी बहीण म्हणूनच आली. जो मेस्त्री गुऱ्हाळाच्या एंजिनाचा पिस्टन बसवितो, त्याला मोटारसायकलीचा पिस्टन परका नव्हता. आकार लहान, फेरे अधिक; तत्त्व एकच.

स्वातंत्र्यानंतर देशातच गाड्या तयार होऊ लागल्या. १९५५ साली मद्रास येथे एनफील्डची ‘बुलेट’ जुळविली जाऊ लागली. १९६१ साली म्हैसूर येथे रुस्तम व फारुख इराणी यांच्या कारखान्यातून चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर २५० सीसीची ‘जावा’ बाहेर पडली. १९७३ पासून तिचेच पुढचे रूप ‘येझदी’ या नावाने ओळखले जाऊ लागले. १९६२ पासून एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडमधील गाडीच्या धर्तीवर ‘राजदूत’ काढली. शेताच्या बांधावरून दुधाची किटली, पेंडीचे पोते आणि मागे एक माणूस, इतका भार घेऊन राजदूत धावू लागली. मात्र नवे वाहन मिळणे त्या काळी सोपे नव्हते. स्कूटरसाठी नाव नोंदवून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहात. म्हणून जुनी गाडी घ्यावी आणि ती नीट करून वापरावी, ही रीत हौसेची नव्हती. ती संसाराची होती. शाळेचा मास्तर, तलाठी, दूधवाला, पोस्टातला कारकून हे या रीतीचे आश्रयदाते.

१९८० नंतरच्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने हलक्या, कमी पेट्रोल खाणाऱ्या गाड्या आल्या. एका लिटरात दुप्पट वाट चालणाऱ्या वाहनापुढे जुन्यांचा निभाव लागला नाही. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. गावोगावच्या जावा, येझदी आणि राजदूत प्रथम अंगणातून गोठ्यात गेल्या, आणि गोठ्यातून भंगाराच्या काट्यावर. तेथून त्यांतील काहींना परत आणणारे हात आज पुन्हा दिसू लागले आहेत. ते हात काय करतात, हे आता पाहू.

शहाणा मेस्त्री अशी गाडी पाहावयास गेला म्हणजे प्रथम एंजिनास हात लावीत नाही. तो कागद मागतो. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक, एंजिनावरील क्रमांक आणि नोंदणी पुस्तकातील क्रमांक हे तिन्ही जुळले पाहिजेत. लोखंडाचा गंज निघतो; कागदाचा गंज निघत नाही. खाजगी वाहनाची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते व पुढे तपासणी करून ती नवी करावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने निराळ्या नोंदणीचे नियम केले. त्यांत नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठेविले असून असे वाहन रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्याने गाडीच पाच-दहा हजारांत घेतली आणि जो तिच्यावरून कामावर जाऊ इच्छितो, त्याच्यासाठी हा मार्ग नव्हे, हे उघड आहे. त्याचा मार्ग साध्या नोंदणीच्या नूतनीकरणाचाच.

कागद जुळले म्हणजे तीन गोष्टी पाहावयाच्या : दाब, ठिणगी आणि इंधन. कोणतेही पेट्रोलचे एंजिन या तीन पायांवर उभे असते. नळकांड्यात हवा-पेट्रोलाचे मिश्रण दाबले गेले पाहिजे, योग्य क्षणी ठिणगी पडली पाहिजे आणि मिश्रणाचे प्रमाण बरोबर असले पाहिजे. नवशिका तिन्ही एकदम उघडतो आणि घोटाळतो. जाणता एका वेळी एकच गोष्ट पाहतो, आणि ती निकालात निघाल्यावाचून दुसरीस हात घालीत नाही.

वर्षानुवर्षे उभ्या गाडीचा पिस्टन बहुधा गंजाने नळकांड्यास धरलेला असतो. येथे पहिला मोह हातोड्याचा. त्याने पिस्टन फुटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. उलट प्लगच्या छिद्रातून रॉकेल आणि पातळ तेल ओतून चार-आठ दिवस थांबल्यास तोच पिस्टन हाताच्या नेटाने सुटतो. दुरुस्तीत धीर हेही एक हत्यार आहे. पिस्टन निघाला की नळकांड्याची झीज मोजावयाची. झीज समान नसते. वरच्या बाजूस अधिक, खाली कमी. ती काढण्यासाठी बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन आणि नव्या रिंगा घालतात. बोअर करण्यास जागाच उरली नसेल तर आत ओतीव लोखंडाची नवी लायनर बसवितात. आणि ती कोल्हापुरात मिळण्यास अडचण पडत नाही.

बाजारात न मिळणारा भाग ओतून घेण्यातही कसब आहे. मोडका भाग वाळूत दाबला, साचा केला आणि रस ओतला, असे केल्यास नवा भाग लहान निघतो. कारण वितळलेले लोखंड थंड होताना शंभरात सुमारे एक भाग आकसते. म्हणून नमुना त्या मानाने मोठा करावा लागतो आणि लेथवर कातून काढण्यासाठी आणखी थोडी जाडी ठेवावी लागते. हा हिशेब ज्याच्या बोटांत आहे, त्याला पन्नास वर्षांपूर्वी बंद पडलेल्या कारखान्याची वाट पाहावी लागत नाही.

जावा आणि राजदूत या दोन फेऱ्यांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक, एंजिनाच्या गाड्या. यांत पिस्टनच्या खालची पेटीही पंपाचे काम करते. तिच्या दोन्ही बाजूंची रबरी ऑइल सीले वाळून फाटली असतील तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, एंजिन वाजवीपेक्षा तापते आणि शेवटी पिस्टन पुन्हा धरतो. बाहेरून गाडी चकचकीत दिसते. रोग मात्र रुपया-दोन रुपयांएवढ्या रबराच्या कड्यात दडलेला असतो. तसेच ठिणगीचे. पॉइंटांमधील फट सुमारे ०.४ मिलिमीटर असावी लागते. ती दुप्पट झाली वा मिटली, की सारा डोलारा निश्चल. कार्ब्युरेटरमधील जेटचे छिद्र सुईच्या अग्राएवढे. जुन्या पेट्रोलाची राळ त्यात बसते. ते तारेने कोरू नये, कारण छिद्र मोठे झाले की प्रमाण कायमचे बिघडते. ते धुवावे आणि हवेने फुंकावे.

जुन्या गाडीच्या बोल्टांतसुद्धा इतिहास असतो. बी. एस. ए. आणि नॉर्टन यांच्या नट-बोल्टांचे आटे इंग्रजी, इंचांच्या मापाचे. त्यांना व्हिटवर्थचा पाना लागतो. जावा आणि राजदूत मध्य युरोपातून आलेल्या, म्हणून त्यांचे माप मिलिमीटरचे. एका देशाचा पाना दुसऱ्या देशाच्या नटास लावला की नटाचे कोपरे झिजतात आणि पुढे तो कोणत्याच पान्यास दाद देत नाही. ज्या गाडीचे सर्व नट गोल झाले आहेत, तिच्यावर अनेक अधीर हात फिरले आहेत, असे खुशाल समजावे.

यानंतर क्लचच्या प्लेटा, ब्रेकचे लायनर, चेन, आऱ्यांचा ताण, वायरिंग आणि सर्वांत शेवटी रंग. हा क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळ ठिकाणी तो उलटा होतो. आधी रंग आणि चकाकी, मग विक्री, आणि मग घेणाऱ्याची फजिती. देवळाच्या जुन्या दगडावर तैलरंग फासला म्हणजे जीर्णोद्धार होत नाही. आतले झरे आणि भेगा तशाच राहतात. लोखंडाच्या बाबतीतही हेच खरे.

या खटपटीत अलीकडे एक नवी अडचण आली आहे आणि तिचा संबंध पुन्हा उसाशीच पोचतो, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे धोरण वाढत जाऊन २०२५ सालापर्यंत ते प्रमाण शेकडा वीसपर्यंत गेले. इथेनॉलचा काही भाग उसापासून निघतो. शेतकऱ्याच्या उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, देशाची तेलाची आयात काही अंशी वाचली, हे त्याचे गुण. परंतु इथेनॉल ओलावा ओढून घेते. उभ्या गाडीच्या टाकीत त्याने गंज धरतो आणि जुन्या जातीचे रबर त्याने फुगते व मऊ पडते. ज्या उसाने कोल्हापूरला एंजिन दुरुस्त करावयास शिकविले, त्याच उसाचा अर्क आता जुन्या एंजिनाची नळी खातो! त्यावर उपाय आहेत : नव्या प्रकारच्या रबराच्या नळ्या आणि सीले घालावी, गाडी फार दिवस उभी राहणार असल्यास टाकी रिकामी करावी. काळ बदलला म्हणजे जीर्णोद्धारानेही थोडे बदलले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, की इतका खटाटोप कशासाठी? नवी गाडी हप्त्याने मिळते, ती अधिक चालते, धूर कमी सोडते, सकाळी बटण दाबताच सुरू होते. हे म्हणणे खोटे नाही. प्रत्येक जुनी गाडी वाचवावी असेही नाही. जिचा सांगाडाच तडकला आहे, ती रस्त्यावर आणणे हा चालविणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. तिचे चांगले भाग दुसऱ्या गाडीस द्यावे हेच योग्य. तसेच गरिबाने मोडक्या गाडीवर समाधान मानावे असा उपदेशही कोणी करू नये. आपल्या वाडवडिलांनी दुरुस्ती केली ती आवड म्हणून नव्हे, दुसरा इलाज नव्हता म्हणून.

पण प्रश्न गाडीचा नाही, हाताचा आहे. एप्रिल २०२० पासून नव्या प्रदूषण-नियमांप्रमाणे ज्या गाड्या तयार होतात, त्यांत इंधन सोडणे आणि ठिणगी पाडणे या दोन्ही गोष्टी विजेच्या बंद पेटीकडे सोपविलेल्या असतात. ती पेटी उघडावयाची नसते. बिघडली तर बदलावयाची असते. यात स्वच्छ हवेचा लाभ आहे. परंतु ज्या मुलाने कधी काही उघडूनच पाहिले नाही, त्याच्या मनात ‘हे आपल्याला का करता येऊ नये’ हा प्रश्न कोठून यावा? तो प्रश्न बेळगावच्या सायकलींतून निघाला, कोल्हापूरच्या चित्रपट-यंत्रातून निघाला, गुऱ्हाळाच्या मोडक्या एंजिनातून निघाला. तो पुस्तकातून निघाला नाही. एंजिनाचा आवाज ऐकून कोणता भाग झिजला हे सांगणारे वृद्ध मेस्त्री आता गावोगाव थोडेच उरले आहेत. त्यांची विद्या कोठे लिहिलेली नाही. ती शिकावयाची तर त्यांच्या शेजारी उकिडवे बसून, रॉकेलच्या थाळीत हात बुडवूनच शिकली पाहिजे. आणि त्यासाठी समोर एखादे असे यंत्र पाहिजे, की जे बिघडले तरी कोणाचे फार नुकसान होत नाही. पाच-दहा हजारांची जुनी मोटारसायकल हे असे यंत्र आहे. एवढ्या अल्प फीमध्ये अशी शाळा दुसरी कोणती मिळणार?

गाडी तयार झाली म्हणजे धन्यास पहिली इच्छा होते ती जोतिबास जाण्याची. मेस्त्री त्यास अडवितो. नव्या बोअरमध्ये नवा पिस्टन अजून बसावयाचा असतो. प्रथम काहीशे किलोमीटर सपाटीवर, मंद चालीने, भार न देता गाडी चालविली पाहिजे. त्या आधी चढावर घातली तर महिन्यांची मेहनत एका वळणावर वाया जाते. देव डोंगरावरच आहे, तो कोठे जात नाही, असे सांगून मेस्त्री धन्याला थोपवून धरतो.

मग तो दिवस येतो. चढ ही यंत्राची खरी परीक्षा, कारण तेथे काही लपत नाही. दाब कमी असेल तर गाडी दम टाकते. क्लच झिजला असेल तर एंजिन ओरडते आणि चाक मागे राहते. मिश्रण पातळ असेल तर ती तापून अडखळते. आणि वर पोचल्यानेही परीक्षा संपत नाही. टू-स्ट्रोक एंजिनास तेल मिळते ते पेट्रोलातूनच. उतारावर मूठ अगदी मिटून गाडी सोडून दिली, तर चाके एंजिनाला फिरवीत राहतात आणि आत तेल मात्र पोचत नाही. म्हणून जाणता स्वार उतरतानाही मधूनमधून मूठ किंचित उघडतो. चढताना सारेच सावध असतात. उतरताना सावध राहणाराच यंत्र ओळखतो.

डोंगरावरच्या त्या देवळांना त्याच डोंगराचा दगड लागला आहे. बर्मिंगहॅमहून वा म्हैसूरहून आलेल्या या जुन्या गाड्यांच्या पोटातही आता कोल्हापूरच्या भट्टीचे लोखंड आहे. दर्शन घेऊन परतलेला धनी पुन्हा एकदा वाकून जमीन पाहतो. तेलाचा थेंब नसतो. तो टाकीवरचा गुलाल न पुसता किक मारतो आणि घाटाच्या वाटेला लागतो.